कुलूप जागेवर, तरीही फाइल बदललेली

मार्च २०२२ मधील एका साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्यासाठी गेलो होतो. माग चालू असताना ज्या कार्यालयात शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते, तेथे त्या दिवशी सर्व्हरच्या पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. या सर्व्हरवर जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, चढणाऱ्या नक्ष्यांच्या फायली आहेत, विणकरांच्या हजेरीचा आणि उतरलेल्या मालाचा हिशेब आहे, आणि सर्वांचे पगारपत्रक आहे. हिशेबाचे काम पाहणारे काका शेजारी बसून माझे काम पाहत होते. त्यांनी विचारले, “सर, फायलींचं कुलूप तर तुम्हीच लावून दिलंय, आणि ते जागेवरच हाय की. मग मशीन बंद कशाला करायलाव?”

प्रश्न अगदी रास्त होता. कुलूप म्हणजे फाइलीवरची परवानगी, आणि ती खरोखरच जशीच्या तशी होती. अडचण कुलपात नव्हती, तर कुलूप तपासणाऱ्यात होती, आणि तपासणारा चुकला तर कुलपाकडे कितीही वेळ पाहिले तरी ते कळत नाही. काकांना त्या दिवशी जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

हा सर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. लिनक्सवर फायलींची यादी सविस्तर मागवली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काही अक्षरे दिसतात. पगारपत्रकाच्या ओळीत, अगदी पहिले चिन्ह सोडले तर, ती अशी होती: आधी आर आणि डब्ल्यू, मग एक आडवी रेघ, मग आर आणि दोन रेघा, आणि शेवटी नुसत्या तीन रेघा. ही नऊ स्थाने तीन-तीनच्या गटांत वाचायची असतात. पहिली तीन फाइलीच्या मालकासाठी, पुढची तीन त्या फाइलीशी जोडलेल्या गटासाठी आणि शेवटची तीन उरलेल्या सर्वांसाठी. आर म्हणजे वाचता येते, डब्ल्यू म्हणजे लिहिता येते, एक्स म्हणजे चालवता येते. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे अंक देऊन त्यांची बेरीज केली की हीच परवानगी आकड्यात लिहिता येते, म्हणून आमचे पगारपत्रक ६४० होते. काकांना वाचता-लिहिता येत होते, कार्यालयाच्या गटातील दोघांना फक्त वाचता येत होते आणि नक्षीकाम करणाऱ्यांना ते उघडताही येत नव्हते.

मात्र ही अक्षरे स्वतः कोणालाही अडवत नाहीत. ती डिस्कवर, फाइलीच्या मजकुरापासून वेगळ्या ठिकाणी, आयनोड नावाच्या एका छोट्या नोंदीत लिहिलेली असतात. मालकाचा क्रमांक, गटाचा क्रमांक, फाइलीचा आकार आणि तारखाही त्याच नोंदीत असतात. त्या नोंदीला अर्थ येतो तो कर्नेलमुळे. कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असून डिस्क, मेमरी आणि नेटवर्क यांना थेट हात लावण्याचा अधिकार फक्त त्याला असतो. प्रोसेसरमध्येच दोन पातळ्यांची सोय असते: आपण वापरतो ते सगळे प्रोग्राम खालच्या पातळीवर चालतात आणि कर्नेल वरच्या पातळीवर. हिशेबाच्या प्रोग्रामला पगारपत्रक हवे असेल तर त्याला स्वतः डिस्कपाशी जाता येत नाही; त्याला कर्नेलकडे रीतसर मागणी करावी लागते आणि कर्नेल आयनोडमधील नोंद पाहून होकार किंवा नकार देतो.

या तपासणीची रीत ठरलेली आहे. मागणी करणारा फाइलीचा मालक असेल तर फक्त मालकाची तीन अक्षरे पाहिली जातात आणि तेथेच निकाल लागतो. मालक नसेल पण गटात असेल तर गटाची पाहिली जातात, आणि दोन्ही नसेल तर इतरांची. म्हणजे तिन्हींपैकी जी सर्वांत उदार ती लागू, असे होत नाही. मालकालाच वाचण्याची परवानगी नसेल तर गटाला असूनही त्याचा उपयोग होत नाही. ज्याचा क्रमांक शून्य तो ‘रूट’, आणि त्याच्यासाठी वाचण्या-लिहिण्याच्या या तपासण्या जवळजवळ निरर्थक असतात. पुढे जे काही सांगणार आहे, त्यात हल्लेखोराचे अंतिम उद्दिष्ट बहुतेक वेळा हेच असते, की कसेही करून शून्य क्रमांकाचे व्हायचे.

आणखी एक गोष्ट येथेच लक्षात घ्यावी, कारण पुढचा सगळा विषय तिच्यावर उभा आहे. ही तपासणी फाइल उघडताना होते आणि एकदाच होते. कर्नेल होकार देतो तेव्हा प्रोग्रामच्या हाती एक क्रमांक देतो, आणि त्यानंतर प्रोग्राम तो क्रमांक दाखवून हवे तितक्या वेळा वाचतो किंवा लिहितो. कारखान्याच्या फाटकावर पास पाहून बिल्ला दिला की आत प्रत्येक दारावर पुन्हा पास विचारत नाहीत, तसेच हे आहे. फाइल उघडी असताना कोणी परवानगी काढून घेतली तरी आधी मिळालेला क्रमांक चालू राहतो. हा दोष नाही. दर वाचनाला पुन्हा तपासणी करायची म्हटली तर सगळे यंत्रच मंद होईल. पण तपासणीची वेळ आणि प्रत्यक्ष कामाची वेळ वेगळी असते, हे येथे मान्य केले गेले आहे, आणि त्या दोन वेळांमध्ये जे घडू शकते त्याचा हिशेब कर्नेल लिहिणाऱ्यांना कायम ठेवावा लागतो.

कर्नेलच्या चुकांकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर करतो, कारण कारखान्यात त्याचा अनुभव येऊन गेला होता. एका नक्षीची फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवलेली असताना ती एके दिवशी नाहीशी झाली आणि नक्षी तयार करणाऱ्या मास्तरांना वाटले की सर्व्हरमध्ये बिघाड आहे. बिघाड नव्हता. फाइल पुसून टाकणे म्हणजे तिच्या मजकुरावर लिहिणे नव्हे. ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरच्या यादीतून तिचे नाव काढणे. त्यासाठी फोल्डरवर लिहिण्याची परवानगी लागते, फाइलीवरची नव्हे. त्या फोल्डरवर लिहिण्याची मुभा सर्वांना होती, म्हणून कोणाही माणसाला ती फाइल काढता येत होती. कर्नेलने नियमाप्रमाणेच काम केले होते आणि चूक परवानगी लावणाऱ्याची, म्हणजे माझी होती. अशी चूक यादी नीट वाचून सापडते आणि एका आज्ञेने सुधारते. कर्नेलमधली चूक अशी सापडत नाही.

दुसरी एक सोय समजून घेतल्याशिवायही पुढे जाता येणार नाही. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड बदलता आला पाहिजे, पण पासवर्डच्या गुप्त नोंदी ज्या फाइलीत असतात ती फाइल तर सामान्य माणसाला उघडताही येता कामा नये. या पेचावर, लिनक्स जिच्या धर्तीवर उभी आहे त्या युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी तोड काढली. प्रोग्रामच्या परवानगीत एक जादा खूण ठेवायची, आणि ती खूण असलेला प्रोग्राम कोणीही चालवला तरी तो चालवणाऱ्याच्या नव्हे, तर प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकाराने चालेल. या खुणेला सेटयूआयडी म्हणतात. तिच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला, १९७९ मध्ये ते मंजूर झाले आणि नंतर ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. मालकाचा शिक्का विश्वासू कारकुनाच्या हाती देण्यासारखी ही व्यवस्था आहे: कारकून फक्त ठरलेल्या कागदावरच शिक्का मारतो, तोवर सगळे सुरळीत चालते. पण रूटच्या मालकीच्या अशा एखाद्या प्रोग्रामची फाइलच कोणाला बदलता आली, किंवा स्वतः तयार केलेल्या प्रोग्रामवर ही खूण आणि रूटची मालकी उमटवता आली, तर शिक्का सरळ परक्या हातात जातो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्नेलमधील परवानगीविषयक त्रुटी म्हणजे फाइलीवरची अक्षरे योग्य असूनही, कोणत्या तरी आडवाटेने, त्या अक्षरांना न विचारता फाइल वाचली किंवा बदलली जाणे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये कोट्यवधी ओळी आहेत आणि फाइलीपर्यंत पोचण्याच्या वाटाही अनेक आहेत. सरळ वाटेवरची तपासणी इतक्या वर्षांत घासूनपुसून पक्की झाली आहे. तेथे चूक सापडणे दुर्मीळ. चुका सापडतात त्या बाजूच्या वाटांवर, जेथे फाइल ही फाइल म्हणून समोर येतच नाही.

सर्वांत जुनी आडवाट वेळेची. समजा, रूटच्या अधिकाराने चालणारा एक प्रोग्राम आधी विचारतो, “या माणसाला ही फाइल लिहिता येते का?” उत्तर होकारार्थी आले की तो ती फाइल उघडतो. पण विचारणे आणि उघडणे या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात त्या माणसाने आपली फाइल काढून तिच्या नावाचा एक दुवा ठेवला आणि तो दुवा पासवर्डच्या फाइलीकडे वळवला, तर प्रोग्राम परवानगी एका फाइलीची तपासतो आणि लिहितो दुसरीवरच. येथे चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे, कर्नेलची नाही. तरीही तात्पुरत्या फायलींच्या सामाईक फोल्डरमध्ये हा प्रकार इतका वारंवार होऊ लागला की २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.६ मध्ये कर्नेलनेच अशा परक्या दुव्यांच्या मागे न जाण्याची सोय घेतली. ही सोय सुरू आहे ना, हे मी प्रत्येक सर्व्हरवर आधी पाहतो.

कर्नेलच स्वतः या दोन पायऱ्यांच्या फटीत अडकला, ते उदाहरण ‘डर्टी काउ’ या नावाने प्रसिद्ध आहे. जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटींच्या सामाईक यादीतला त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. फाइल वाचायची एक पद्धत अशी असते, की तिची पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, प्रोग्रामच्या मेमरीत मांडून घ्यायची. दहा प्रोग्राम एकच फाइल वाचत असतील तर दहा प्रती काढण्यात अर्थ नसतो, म्हणून सगळे एकाच पानावरून वाचतात. त्यांपैकी कोणी खासगी वापरासाठी त्या पानावर लिहू लागला, तर कर्नेल त्याला तेवढ्या पानाची वेगळी प्रत काढून देतो आणि त्याचे लिखाण त्या प्रतीवर होते. मूळ फाइलीला धक्का लागत नाही. लिहिताना प्रत काढणे, म्हणजेच ‘कॉपी ऑन राइट’, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून ‘काउ’. बदललेल्या पण अजून डिस्कवर न उतरलेल्या पानाला कर्नेलच्या परिभाषेत ‘डर्टी’ म्हणतात, त्यावरून नावाचा पहिला भाग आला.

फट होती ती अशी. लिहिण्याची मागणी आली की कर्नेल पाहतो, पान लिहिण्याजोगे नाही. तो प्रत काढतो. प्रत निघाली, म्हणजे आता लिहिण्याच्या अधिकाराची अट धरून बसण्याचे कारण उरले नाही, असे मानून तो ती अट सोडतो आणि पुन्हा पान शोधायला जातो. नेमक्या त्या क्षणी त्याच प्रोग्रामचा दुसरा धागा, म्हणजे त्याच वेळी समांतर चालणारा भाग, कर्नेलला सांगतो, की माझी खासगी प्रत मला नको, टाकून द्या. कर्नेल ती टाकतो. मग पान शोधणाऱ्या पहिल्या पायरीच्या हाती येते ते मूळ पान, आणि लिहिण्याची अट तर आधीच सुटलेली असते. लिखाण मूळ फाइलीच्या पानावर होते. एकदा करून हे साधत नाही, पण संगणकाला तेच काम सेकंदात हजारो वेळा करता येते आणि एखाद्या वेळी दोन्ही गोष्टी जुळून येतात.

ही चूक निदान २००७ मधील २.६.२२ या आवृत्तीपासून कर्नेलमध्ये होती आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाली. ती शोधून काढली फिल ऑस्टर यांनी, आणि तीही प्रत्यक्ष हल्ल्यात वापरला गेलेला प्रोग्राम हाती लागल्यावर; म्हणजे कोणाला तरी ती त्यांच्या आधीच ठाऊक होती. लिनक्सचे जनक लिनस टॉरवॉल्ड्स यांनी दुरुस्तीसोबतच्या नोंदीत प्रांजळपणे लिहिले, की हीच चूक आपण अकरा वर्षांपूर्वी सुधारण्याचा प्रयत्न केला होता, पण तो नीट जमला नव्हता आणि दुसऱ्या एका अडचणीमुळे मागे घ्यावा लागला होता. नवी दुरुस्ती तत्त्वतः साधी आहे: अट सोडून देण्याऐवजी ‘प्रत काढून झाली आहे’ अशी वेगळी खूण ठेवायची आणि प्रत खरोखर हाताशी आहे की नाही हे पुन्हा पाहायचे. पुढे २०१७ मध्ये, मेमरीतील मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत ही दुरुस्तीही अपुरी असल्याचे आढळले आणि पुन्हा सुधारणा करावी लागली.

त्या दिवशी मी ज्या कारणासाठी कारखान्यात गेलो होतो ती त्रुटी मात्र ‘डर्टी पाइप’, क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७. माझ्या मते परवानगीचा विषय समजून घेण्यासाठी याहून बोलके उदाहरण नाही, कारण येथे वेळेची शर्यत नाही, नशिबाचा भाग नाही. फक्त एक जुनी खूण पुसायची राहिली होती.

ती सापडली कशी, हे आधी सांगतो. मॅक्स केलरमन हे वेबसाइट्स चालवणाऱ्या एका जर्मन सेवेसाठी काम करत होते. तेथील ग्राहकांना भेटींच्या दैनंदिन नोंदी दाबून लहान केलेल्या फायलींत मिळत, आणि महिन्याभराच्या नोंदी एकत्र हव्या असल्यास त्या झिप स्वरूपात बांधून दिल्या जात. २०२१ च्या एप्रिलमध्ये एका ग्राहकाची तक्रार आली, की एक फाइल उघडत नाही. ती सुधारून दिली; काही महिन्यांनी पुन्हा तसेच झाले. तक्रारी वाढल्यावर केलरमन यांनी बिघडलेल्या फायली शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा दोन गोष्टी नजरेत भरल्या. बिघाड बहुतेक वेळा महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या फाइलीत होता, आणि फाइलीच्या अगदी शेवटी ८ बाइट्स चुकीचे होते. हे ८ बाइट्स झिप बांधताना सर्वांत शेवटी लिहिल्या जाणाऱ्या भागाचे होते. आता झिप बांधणाऱ्या प्रोग्रामला या दैनंदिन फायली फक्त वाचण्याची परवानगी होती. ज्याला लिहिताच येत नाही, त्याचे अक्षर फाइलीत आले कोठून? केलरमन यांनी आपल्या प्रोग्रामवरचा संशय बाजूला ठेवून कर्नेलवर संशय घेण्याचे धाडस केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर त्यांच्या हाती लागले.

ते उत्तर समजण्यासाठी दोन गोष्टी हव्यात. पहिली, पेज कॅश. डिस्क मंद असते, म्हणून कर्नेल वाचलेल्या फायलींची पाने मेमरीत जपून ठेवतो आणि पुढे कोणीही ती फाइल मागितली तर मेमरीतलेच पान दाखवतो. मूळ चोपडी कपाटात आणि रोज पाहायची प्रत टेबलावर, अशी ही रचना आहे. सगळे टेबलावरची प्रत वाचतात आणि तीच खरी मानतात. दुसरी गोष्ट, पाइप. एका प्रोग्रामचे लिखाण दुसऱ्या प्रोग्रामला वाचायला देण्यासाठी कर्नेल मध्ये एक नळी जोडतो. या नळीत सहसा १६ कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा मेमरीतल्या एकेका पानाकडे बोट दाखवतो. एखाद्या पानात जागा शिल्लक असेल तर नव्याने आलेला मजकूर त्याच पानात पुढे जोडता यावा म्हणून कप्प्यावर ‘येथे जोडणे चालेल’ अशी खूण असते.

फाइलीतला मजकूर पाइपमध्ये पाठवायचा असेल तर कर्नेल तो उतरवून काढत बसत नाही. वेळ वाचावा म्हणून तो पेज कॅशमधील मूळ पानाकडेच कप्प्याचे बोट वळवतो. अशा कप्प्यावर ‘जोडणे चालेल’ ही खूण कधीही असता कामा नये, कारण ते पान नळीचे नसून फाइलीचे आहे. पण कप्पा नव्याने भरताना त्यावरची आधीची खूण पुसण्याची ओळ कर्नेलमध्ये दोन ठिकाणी लिहायची राहून गेली होती. कप्पा आधी साध्या मजकुरासाठी वापरलेला असेल तर खूण तशीच राहत होती, आणि पुढे कोणी त्या पाइपमध्ये लिहिले की कर्नेल भाबडेपणाने तो मजकूर फाइलीच्या पानात जोडत होता. त्या वेळी परवानगी कोणी तपासत नव्हते. कारण कर्नेलच्या दृष्टीने हे पाइपमध्ये लिहिणे होते, आणि पाइप तर लिहिणाऱ्याच्याच मालकीचा होता.

या चुकीचा इतिहासही विचार करायला लावणारा आहे. खूण पुसण्याचे राहून गेले ते २०१६ मधील ४.९ या आवृत्तीत, आणि तेव्हा ते निरुपद्रवी होते, कारण त्या काळी जोडण्याची परवानगी अशा खुणेवर अवलंबूनच नव्हती. २०२० मध्ये ५.८ या आवृत्तीसाठी कोणी तरी या भागाची मांडणी सुबक केली आणि ती परवानगी खुणेत आणली. ही सुधारणाही आपल्या जागी योग्य होती. चार वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन बदलांपैकी दुसऱ्याने पहिल्यातली जुनी उणीव जिवंत केली, आणि दुसरा बदल तपासणाऱ्याने फक्त नव्या ओळी वाचल्या असतील तर त्याला यात काहीही गैर दिसले नसते.

काकांना हे शब्दांत सांगून पटेना, म्हणून मी लॅपटॉपवरच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, जुना कर्नेल चालवून दाखवला. टॉवेलच्या प्रति डझन दराची एक खोटी फाइल तयार केली, तिची मालकी रूटकडे ठेवली आणि इतरांना फक्त वाचण्याची परवानगी दिली. सामान्य माणूस म्हणून लॉग इन करून ती संपादकात उघडून बदलायचा प्रयत्न केला तेव्हा कर्नेलने रीतसर नकार दिला. मग त्याच माणसाच्या अधिकाराने त्रुटीचा वापर करणारा छोटा प्रोग्राम चालवला आणि फाइल पुन्हा वाचली. १२० च्या जागी ९२० दिसत होते. काकांनी खुर्ची पुढे ओढली. फाइलीची परवानगी तीच, मालक तोच, आकार तोच, आणि शेवटच्या बदलाची तारीखसुद्धा तीच होती, कारण तारीख बदलण्याचे काम ज्या वाटेवर होते त्या वाटेने कोणी गेलेच नव्हते. त्यानंतर मी रूट होऊन पेज कॅश रिकामी करायला लावली आणि तीच फाइल वाचली, तर १२० परत आले. टेबलावरच्या प्रतीत खाडाखोड झाली होती, कपाटातल्या चोपडीत नव्हती. आणि ते पान ‘डर्टी’ म्हणून नोंदलेच गेले नसल्यामुळे कर्नेलने ते डिस्कवर उतरवले नव्हते. असा हल्ला झालेला सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तर बदलाचा मागमूसही उरणार नाही, हे पाहून मला स्वतःलाही प्रत्येक वेळी अस्वस्थ वाटते.

या त्रुटीला मर्यादा होत्या. फाइल निदान वाचता येणे आवश्यक होते, तिचा आकार वाढवता येत नव्हता आणि पानाच्या पहिल्या बाइटला हात लावता येत नव्हता. पण वापरकर्त्यांची यादी असलेली फाइल सर्वांनाच वाचता येते आणि सेटयूआयडी असलेले प्रोग्रामही, त्यामुळे शून्य क्रमांकाचे होण्यासाठी एवढे पुरे होते. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच असल्यामुळे ५.१० हा कर्नेल असलेले तेव्हाचे काही नवे फोनही यात सापडले. दुरुस्ती म्हणजे दोन ठिकाणी खूण शून्य करणारी एकेक ओळ. २३ फेब्रुवारी २०२२ रोजी सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि ७ मार्चला तपशील जाहीर झाला. आधी दुरुस्ती आणि मग वाच्यता, हा क्रम येथे नीट पाळला गेला.

तिसरी एक आडवाट दोन योग्य व्यवस्था एकमेकींना भेटतात तेथे असते. तिचे थोडक्यात उदाहरण म्हणजे ओव्हरलेएफएस. नक्षीच्या मूळ ग्राफवर ट्रेसिंग पेपर ठेवून बदल वरच्या कागदावर करावेत, तशी ही फाइल-व्यवस्था आहे: खालचा थर न बदलणारा, वरचा थर लिहिण्याचा, आणि पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच चित्र. खालच्या थरातील फाइल बदलायची झाली की कर्नेल ती आधी वर उतरवून घेतो. लिनक्समध्ये दुसरी सोय अशी आहे, की सामान्य माणसाला स्वतःपुरते एक वेगळे आवार उभारून त्यात रूट म्हणून वावरता येते; आवाराबाहेर मात्र त्या पदाला किंमत नसते. सीव्हीई-२०२३-०३८६ या त्रुटीत हल्लेखोर आपल्या आवारात खालच्या थरावर अशी फाइल ठेवत असे जिच्यावर रूटची मालकी आणि सेटयूआयडीची खूण असल्याचा तो स्वतःच दावा करत असे. आवारात त्या दाव्याला कोणी मानत नव्हते. पण फाइल वरच्या थरावर उतरवताना, हा मालक या आवाराला ठाऊक तरी आहे का, हे कर्नेल विचारत नव्हता, आणि वरचा थर खऱ्या डिस्कवर असल्यामुळे खोटा दावा तेथे खरा होऊन बसत होता. त्याच वर्षी जुलैमध्ये, लिनक्सचे एक प्रचलित रूप असलेल्या उबुंटूने स्वतः केलेल्या बदलांमुळे निर्माण झालेल्या याच जातीच्या आणखी दोन त्रुटी समोर आल्या.

यावर उपाय विचारला जातो तेव्हा बरेच जण परवानग्या आणखी आवळायला निघतात. ६४० चे ६०० केल्याने डर्टी पाइपसारख्या त्रुटीला काही प्रमाणात आळा बसतो, कारण जी फाइल वाचताच येत नाही तिचे पान हाती येत नाही. पण यंत्रणेला लागणाऱ्या कितीतरी फायली सर्वांना वाचता याव्याच लागतात. एसईलिनक्ससारखी जादा पहारेदारी अवश्य ठेवावी, मात्र तीही त्याच कर्नेलमध्ये राहते आणि ज्या वाटेवर कर्नेल कोणालाच विचारत नाही तेथे तिलाही विचारले जात नाही. नको असलेल्या प्रोग्रामवरची सेटयूआयडीची खूण काढणे, सामान्य वापरकर्त्यांना स्वतंत्र आवार उभारण्याची गरज नसेल तर ती सोय बंद ठेवणे, बाहेरून जोडलेल्या डिस्कवर सेटयूआयडी चालणार नाही असे सांगून ठेवणे, ही कामे एका दुपारी होतात आणि आडवाटा कमी करतात. या त्रुटी वापरण्यासाठी हल्लेखोर आधी सर्व्हरच्या आत असावा लागतो, हेही खरे आहे. पण सर्व्हरवर एखादी जुनी, दुर्लक्षित वेबसाइट चालत असेल तर आत शिरायला तेवढी पुरते.

मुख्य उपाय एकच राहतो, तो म्हणजे कर्नेलची सुधारित आवृत्ती घेणे, आणि येथेच बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो. इतर प्रोग्राम सुधारले की बंद करून पुन्हा उघडल्यावर नवे चालू लागतात. कर्नेलचे तसे नाही. सुधारित कर्नेल डिस्कवर येऊन बसतो, सगळे अपडेट झाल्याचा संदेशही दिसतो, पण मेमरीत चालत असतो तो जुनाच. यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत तोच परवानग्या तपासत राहतो. न थांबता कर्नेल सुधारण्याच्या पद्धती आहेत, परंतु लहान कारखान्याच्या सर्व्हरवर त्या क्वचितच बसवलेल्या असतात. आमचा सर्व्हर कित्येक महिने बंद झाला नव्हता आणि मालकांना त्याचा अभिमान होता. कोणता कर्नेल डिस्कवर आहे यापेक्षा कोणता चालू आहे हे विचारणारी यूनेम नावाची आज्ञा आहे. ती दिली तेव्हा जुनाच क्रमांक समोर आला. सुधारित कर्नेल आठवड्यापासून डिस्कवर पडून होता.

काकांनी आपले काम जतन केले, मी नक्ष्यांची आणि पगारपत्रकाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून त्यांच्या कपाटात ठेवली, आणि मग सर्व्हर पुन्हा सुरू होण्याची आज्ञा दिली. पंखा थांबला, पुन्हा जोरात फिरला, पडद्यावर ओळी सरकल्या. पुन्हा यूनेम दिले तेव्हा शेवटचा आकडा बदललेला होता. काकांनी स्वतःहून पगारपत्रकाची ओळ काढायला सांगितली आणि चष्मा वर सरकवून ती अक्षरे एकेक करून वाचली: आर, डब्ल्यू, रेघ, आर, रेघ, रेघ, आणि तीन रेघा.